आधी चार्जिंग, मग बॅटरी

शिरूर आणि दौंड तालुक्यांत जुनी मोटारसायकल ही हौसेची वस्तू नाही. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार, सकाळ-संध्याकाळ डेअरीवर कॅन पोचवणारा दूध उत्पादक, रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला मळ्यात निघणारा शेतकरी, दौंड स्टेशनवर गाडी लावून पुण्याची गाडी पकडणारा नोकरदार, या सगळ्यांच्या हाताखाली पंधरा-वीस वर्षांपूर्वीची स्प्लेंडर, पॅशन, सीटी १००, डिस्कव्हर किंवा पल्सर अजून रोज राबते. इंजिनाचे काम एखाददोनदा झालेले असते, सीटचे कव्हर तिसरे असते, पण गाडी विकायचा विषय घरात निघत नाही. अशा गाडीचा हॉर्न घोगरा झाला, इंडिकेटर मिणमिणू लागले किंवा सेल्फ नुसता टकटक करू लागला, की दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारला जातो : कोणत्या कंपनीची बॅटरी घेऊ? हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा आहे. पहिला प्रश्न, बसलेली बॅटरी खरोखर संपली आहे की गाडी तिला उपाशी ठेवते आहे, हा. दुसरा, या गाडीचे चार्जिंग कोणत्या प्रकारच्या बॅटरीला झेपते, हा. या दोन्हींची उत्तरे हातात असतील तर कंपनीच्या निवडीत फारसे चुकायला जागा राहत नाही, आणि नसतील तर सर्वांत महागडी बॅटरीही वर्षभरात पुन्हा त्याच काउंटरवर येते.

जुन्या गाडीत बॅटरीकडे नेमके किती काम असते, इथूनच सुरुवात करायला हवी, कारण बहुतेक गैरसमज इथे आहेत. २००० च्या दशकातल्या बहुसंख्य शंभर सीसीच्या गाड्यांत स्पार्कला लागणारी वीज इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोतून थेट येते आणि हेडलाईटही मॅग्नेटोवरच चालतो. बॅटरीच्या वाट्याला हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाईट एवढेच उरते. म्हणून तर किकवाल्या स्प्लेंडरला कंपनीने अवघी अडीच अँपिअर-अवरची बॅटरी दिली आणि ती पुरली. कोणालाही करता येईल अशी एक परीक्षा आहे : इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी आणि हेडलाईटचे बटण दाबावे. दिवा लागला नाही, पण हॉर्न वाजला, तर हेडलाईट मॅग्नेटोवर आहे हे नक्की. अशा गाडीचा दिवा हळू चालवताना मंद होतो आणि रेस दिली की उजळतो, हा तिचा स्वभाव आहे. त्याचा बॅटरीशी संबंध नाही. तरीही दिवा मंद झाला म्हणून बॅटरी बदलणारे काही कमी नाहीत. दिव्याचा होल्डर गंजलेला असतो, रिफ्लेक्टर काळवंडलेला असतो, मॅग्नेटोची लाईट कॉईल कमजोर झालेली असते, आणि पैसे जातात बॅटरीवर. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाईट कायम सुरू ठेवण्याची सक्ती आली आणि २०२० पासून बीएस-६ बरोबर बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले. तेव्हापासून बॅटरीचे ओझे वाढले, तिच्याशिवाय बऱ्याच गाड्या चालेनाशा झाल्या. नव्या गाडीवाल्याचा सल्ला जुन्या गाडीला लागू पडत नाही, त्याचे कारण हे.

आता चार्जिंग. मॅग्नेटोची वीज रेक्टिफायर-रेग्युलेटरमधून, म्हणजे आपल्याकडचे फिटर ज्याला ‘आरआर युनिट’ म्हणतात त्यातून, बॅटरीकडे जाते. हे छोटे डबडे दोन प्रकारे बिघडते. एक तर ते वीज पुरेशी देत नाही, मग बॅटरी कायम अर्धपोटी राहते, तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि ती पुन्हा भरेनाशी होते. किंवा ते वीज आवरत नाही. मग बॅटरी तापते, पाणी उडते, टर्मिनलवर पांढरी-हिरवी फुले येतात, बल्ब पटापट जातात. दोन्ही बिघाड साध्या मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतात. चांगली चार्ज झालेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. मग गाडी चालू करून, दिवा लावून, रेस चांगली वर नेऊन बॅटरीच्या टर्मिनलवर पुन्हा मोजावे. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक. तेराच्या खालीच रेंगाळला तर चार्जिंग पोचत नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर गेला, आणि त्यावर नवी बॅटरी बसवणे म्हणजे पैसे उकळत्या तेलात टाकणे. हे मोजमाप न करता ‘बॅटरी गेली’ म्हणणाऱ्या फिटरला, मोज आणि मग सांग, असे म्हणण्यात संकोच नसावा. फार जुन्या गाड्यांत आकडा जरा हेलकावे खातो, कारण त्यांच्यात मॅग्नेटोच्या विजेची एकच अर्धी लाट वापरलेली असते. तिथे क्षणिक आकड्यापेक्षा सरासरी कुठे ठरते ते पाहावे.

यावर आक्षेप येतो तो असा : चार्जिंग ठीक असूनही बॅटरी वर्षाच्या आत बसते, म्हणजे बॅटऱ्याच हल्ली हलक्या येतात. काही हलक्या येतातही. पण हिशेब मांडून पाहिला तर दोष बहुधा दुसरीकडे सापडतो. ब्रेक लाईटचा बल्ब २१ वॅटचा असतो. बारा व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर ओढतो. मागच्या ब्रेकच्या पेडलाचा स्विच चिखलाने अडकून दिवा कायम लागून राहिला, तर अडीच अँपिअर-अवरची बॅटरी दीड तासात रिकामी होईल इतकी वीज एकटा तो बल्ब खातो. उन्हात दिवा लागलेला चालवणाऱ्याला दिसत नाही, मागच्याला दिसतो, आणि मागचा काही थांबवून सांगत नाही. दुसरा चोर म्हणजे वायरिंगमधली गळती. चावी बंद असतानाही कुठेतरी दहा मिलिअँपिअर जात असले, तर दिवसाला पाव अँपिअर-अवर, म्हणजे दहा दिवसांत छोटी बॅटरी साफ. अलार्म, चार्जिंगचा यूएसबी पॉइंट, बाहेरून ओढलेली एलईडी पट्टी यांपैकी एखादे जरी कच्च्या जोडणीने थेट बॅटरीवर घेतलेले असले तरी एवढी गळती सहज होते. उसाच्या रस्त्यांवर रात्री दिसावे म्हणून वीस वॅटचे एलईडी दिवे लावायची पद्धत आहे. गरज खरी आहे, पण शंभर सीसीच्या जुन्या गाडीचा मॅग्नेटो बॅटरीला जेमतेम अँपिअरभर देतो आणि असा एक दिवा दीड अँपिअरहून जास्त मागतो. तिथे कोणतीही बॅटरी टिकणार नाही.

सेल्फचाही हिशेब पाहण्यासारखा आहे, कारण ‘जवळच्या जवळ गाडी फिरवली की बॅटरी भरत नाही’ हे वाक्य सरसकट खरे नाही. छोट्या गाडीचा सेल्फ ढोबळमानाने पन्नास अँपिअर ओढतो असे धरले आणि इंजिन तीन सेकंदांत सुरू झाले, तर खर्च होतो ०.०४ अँपिअर-अवर. अँपिअरभर चार्जिंग मिळत असेल तर चार-पाच मिनिटांच्या धावेत तो भरून निघतो. गावातून डेअरीपर्यंतची फेरी तेवढी असतेच. पण कार्बुरेटर बिघडलेला, प्लग काळा पडलेला आणि थंडीच्या पहाटे सेल्फ दहा-दहा सेकंद पाचदा दाबलेला, तर एका सकाळीच ०.७ अँपिअर-अवर जातो. स्प्लेंडरच्या सेल्फवाल्या मॉडेलची बॅटरी ३ अँपिअर-अवरची आहे. म्हणजे जवळजवळ पाव बॅटरी एका सुरुवातीत संपली. त्यातून मोठा करंट ओढताना बॅटरीची खरी क्षमता कागदावरच्या आकड्यापेक्षा कमीच भरते. अशा गाडीला नव्या बॅटरीआधी नवा प्लग हवा, आणि थंड इंजिनाला चोक व किक. किक असताना पहाटेचा पहिला स्टार्ट सेल्फने करायचा हट्ट हा बॅटरीवरचा नाहक अत्याचार आहे.

उष्णतेचा मुद्दा आपल्या भागात हलक्याने घेण्यासारखा नाही. भीमा आणि घोड नदीकाठ कालव्याने हिरवा दिसतो, पण दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले आहेत आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो. शिशाच्या बॅटरीचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. गंज, पाण्याची वाफ आणि आपोआप उतरणे, तिन्ही उष्णतेत वेगाने होतात. पत्र्याच्या शेडखाली दिवसभर उभी असलेली गाडी, तिच्या साइड पॅनेलमागे इंजिनाजवळ बसवलेली बॅटरी, हे चित्र कंपनीच्या छापील पत्रकातल्या २५ अंशांच्या जगापासून फार दूर आहे. म्हणून शेजाऱ्याची चार वर्षे टिकली आणि आपली अडीच, यात दरवेळी फसवणूक शोधायची गरज नाही.

मग प्रकार कोणता घ्यावा? बाजारात तीन पर्याय आहेत. पाणी टाकायची साधी बॅटरी, पाणी न लागणारी सीलबंद, जिच्यात अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते आणि जादा दाब सोडायला झडप असते, आणि लिथियम. तिसऱ्याचा निकाल आधी लावू. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते आणि उभ्या गाडीत महिनोन्महिने उतरत नाही, हे दोन्ही गुण खरे. पण तिला साडेचौदा व्होल्टच्या वर गेलेले चार्जिंग सोसत नाही, आणि जुन्या गाडीचा रेग्युलेटर नेमका तिथेच बेभरवशाचा. किंमत साध्या बॅटरीच्या कित्येक पट. वाचणारे वजन स्प्लेंडरच्या बाबतीत किलोभराच्या आत, ज्या गाडीवर चाळीस लिटरचे दोन कॅन लटकतात तिथे त्याचे कौतुक कोणी करावे? रोजच्या गाडीला लिथियम नको, एवढे पुरे.

खरी निवड पहिल्या दोघांत आहे. दुकानदार सीलबंद पुढे करतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते : पाणी बघायची कटकट नाही, आडवी-तिडवी झाली तरी अ‍ॅसिड सांडत नाही, उभी राहून उतरण्याचा वेगही कमी. तिचा दोष एकच, पण मोठा. जास्त चार्जिंग झाले की आतले पाणी झडपेतून निघून जाते आणि ते परत भरता येत नाही. साध्या बॅटरीत तोच बिघाड पाण्याची पातळी खाली जाऊन दिसतो आणि डिस्टिल्ड वॉटर टाकून काही काळ निभावतो. म्हणून माझे मत असे : व्होल्टेज मोजले आणि ते साडेचौदाच्या आत स्थिर राहिले, तर सीलबंद घ्यावी. रेग्युलेटर संशयास्पद असेल तर आधी तो बदलावा. तेही जमत नसेल तर साधी घ्यावी, पण महिन्याला पाणी बघायची सवय असली तरच. सहा व्होल्टच्या काळातली राजदूत किंवा येझदी सांभाळणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही, त्यांना बहुधा साधीच मिळते. पाण्याबाबत एक गोष्ट ठासून सांगावी लागेल. बोअरचे नको, कालव्याचे नको, आणि घरपोच येणाऱ्या जारमधले आरओचेही नको. त्यात क्षार कमी असले तरी असतात. अ‍ॅसिड तर पुन्हा कधीच टाकायचे नसते. उडते ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहते.

क्षमतेच्या बाबतीत ‘एक नंबर मोठी टाक, निवांत राहशील’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो सरळ खोटा नाही, म्हणूनच फसवतो. मोठी बॅटरी मॅग्नेटोला जाळत नाही. पण रोज जेवढी वीज येते त्याहून जास्त जात असेल तर मोठी बॅटरीही उतरणारच, फक्त दोन महिने उशिरा. आणि तोवर वॉरंटीच्या भांडणात खरा दोष गडप होतो. शिवाय ती ट्रेमध्ये नीट बसत नाही. सैल बॅटरी खड्ड्यांत आदळून प्लेटांचा मसाला गळतो, ओढून-ताणून लावलेली वायर टर्मिनलवरून निसटते. उलट चूकही होते : सेल्फवाल्या गाडीत स्वस्त म्हणून किकवाल्या मॉडेलची अडीचची बॅटरी बसवली जाते आणि सेल्फ पहिल्याच आठवड्यात हात वर करतो. गाडीच्या पुस्तकात किंवा जुन्या बॅटरीवर लिहिलेलीच क्षमता घ्यावी. पल्सर १५० ला आठ-नऊ अँपिअर-अवर, सेल्फच्या बुलेटला चौदा, असे ते आकडे ठरलेले आहेत. बॅटरीच्या कोडच्या शेवटी येणारे एल किंवा आर हे अक्षर सहसा टर्मिनलची बाजू दाखवते. ती उलटी आली तर वायर पोचत नाही, आणि पोचवलीच तर चुकून प्लस-मायनस उलटे लागून रेक्टिफायर जागेवर जातो.

आता कुठे कंपनीचा प्रश्न येतो, आणि त्याच्या आधीही ताजेपणाचा. एक्साइडचे कारखाने चिंचवडला आणि अहिल्यानगरला आहेत, म्हणजे शिरूर त्या दोहोंच्या मधोमध. तरी जवळच्या कारखान्यातली बॅटरी ताजी असेल असे मुळीच नाही. तिरुपतीजवळून येणारी अमरॉनची बॅटरी जास्त खपणाऱ्या दुकानात अधिक ताजी सापडू शकते. कारखाना कुठे आहे याला महत्त्व नाही, दुकानाच्या फडताळावर ती किती महिने पडून होती याला आहे. सीलबंद बॅटरी भरून, चार्ज होऊनच येते आणि फडताळावर हळूहळू उतरत जाते. म्हणून काउंटरवरच मीटर लावायला सांगावे. १२.७ किंवा वर असेल तर घ्यावी, साडेबाराच्या खाली असेल तर दुसरी मागावी. चार्ज करून देतो म्हटले तरी. साध्या बॅटरीची गोष्ट वेगळी. ती कोरडी येते, अ‍ॅसिड दुकानात भरतात. भरल्यावर अर्धा तास मुरू द्यायची, मग क्षमतेच्या एक-दशांश करंटने काही तास चार्ज करायची. अडीचच्या बॅटरीला म्हणजे पाव अँपिअर. प्रत्यक्षात गिऱ्हाईक दारात उभे, आणि दुकानात चार्जर ट्रॅक्टर-जीपचा; मग एक तर चार्जिंगशिवायच बॅटरी बसवली जाते किंवा पाच अँपिअरवर लावून तासाभरात उकळली जाते. ती बॅटरी पहिल्या दिवशीच अर्धी मेलेली असते आणि नाव खराब होते कंपनीचे. संध्याकाळी भरायला देऊन दुसऱ्या दिवशी न्यावी, यासारखा स्वस्त उपाय नाही. बसवताना हवेच्या नळीचे लाल बूच काढले आणि नळी चेनपासून दूर खाली सोडली, एवढे आपल्या डोळ्यांनी पाहावे. बूच राहिले तर गॅसने बॅटरी फुगते, कधी फुटते.

वॉरंटीचे आकडे मोठ्या अक्षरात छापतात, पण अनेक मॉडेलांवर अठ्ठेचाळीस महिन्यांपैकी पहिले चोवीसच मोफत बदलीचे असतात. उरलेल्या काळात मिळते ती छापील किमतीवर सूट. समजा छापील किंमत पंधराशे, दुकानातला भाव साडेअकराशे आणि सूट पंचवीस टक्के. म्हणजे हक्काने मिळालेली बॅटरी अकराशे पंचवीसला पडली. हाती आले पंचवीस रुपये. तुलना करायची तर मोफतच्या महिन्यांची करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आहे, तेव्हा छापील किमतीवरून घासाघीस करताना माल केव्हाचा हेही विचारावे. बिल आणि तारखेचा शिक्का असलेले कार्ड यांच्याशिवाय पुढे कोणी दारात उभे करत नाही. बिलाविना मिळणारी ‘लोकल’ बॅटरी तीन-चारशे रुपयांनी स्वस्त असते. ती ओळखायची एक साधी रीत : एका हातात ती आणि दुसऱ्या हातात त्याच मापाची नावाजलेली धरावी. शिसे जड असते. जी हलकी लागते तिच्यात ते कमी घातले आहे.

मुळात किकने गाडी चालू होते तर बॅटरी हवीच कशाला, असाही एक पक्ष आहे आणि मॅग्नेटोवरच्या गाडीपुरते त्याचे म्हणणे खरे आहे, गाडी चालते. पण पाटसच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून रात्री ब्रेक लाईट आणि इंडिकेटरशिवाय जाणे कोणत्याही बचतीत बसत नाही. पंधरा वर्षांनी आरटीओत फेरनोंदणीला गाडी नेली की हॉर्न आणि इंडिकेटर तपासले जातात, हे आहेच. काही गाड्यांत बॅटरी काढून टाकल्यावर व्होल्टेज भडकून बल्बही जातात. दुसरा आक्षेप वेळेचा : मजुरीचा दिवस मोडून मीटर लावत कोण बसणार? मल्टिमीटर तीन-चारशेला मिळतो, बॅटरी हजाराच्या पुढे. एकच चुकीची खरेदी टळली तरी तो फुकट पडतो, आणि वस्तीवरच्या पाच गाड्यांत मिळून एक घेतला तरी चालतो.

जुनी बॅटरी मात्र घरी ठेवू नये आणि भंगारवाल्यालाही देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत गोळा करून नोंदणीकृत कारखान्यात वितळवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे पैसे वजा करतो ते याच साखळीच्या जोरावर. भंगारवाला पन्नास रुपये जास्त देतो, कारण तो ती उघड्यावर फोडतो. अ‍ॅसिड ओढ्यात जाते, शिशाची धूळ अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या हातांवर. जुनी बॅटरी उभी धरून, झाकणे घट्ट लावून, अ‍ॅसिडसकट दुकानात द्यावी. वजनात गोंधळ नको म्हणून आधी अ‍ॅसिड ओतून आण, असे सांगणारा दुकानदार भेटला तर नवी बॅटरीही दुसरीकडून घ्यावी; ज्याच्याकडे जुना माल परत धाडायची सोय नाही, तो वॉरंटीतली बॅटरीही कंपनीकडे पोचवणार नाही.